पीळ कुठल्या बाजूचा?

भरतकाम केलेल्या कापडाला कस्टम्सच्या दप्तरात पत्ता आहे: ५८१०. भरतकामाच्या मोठ्या यंत्राला आहे: ८४४७. हाताने भरतकाम करताना कापडाला भोक पाडायचा टोच्या असतो ना, त्याचंही नाव सुयांच्या शेजारी, ७३१९ मध्ये लिहिलेलं आहे.

आणि धाग्याला?

भरतकामाच्या धाग्याला स्वतःचं चार आकडी शीर्ष नाही. ज्याच्यावाचून बाकी सगळं अडून बसेल, तोच बेपत्ता.

म्हणजे परदेशातून हा धागा आणायचा तर तो शिवणदोरा म्हणून येतो, नाहीतर सूत म्हणून, नाहीतर किरकोळ विक्रीचं सूत म्हणून, नाहीतर धातूचा मुलामा दिलेलं सूत म्हणून. कशाचा आहे, किती वजनाच्या रिळावर आहे, पीळ कुठल्या अंगाचा आहे, वर काय चोपडलंय, हे सगळं मोजलं जातं. भरतकामाला जाणार आहे, हे कुठेच मोजलं जात नाही.

व्यापाऱ्यांचं दुखणं, आपल्याला काय त्याचं, असं वाटतंय?

मग कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. आरी वर्कचा क्लास नाही असं गाव आता शोधावं लागेल. लग्नाचा ब्लाउज आरी वर्कशिवाय होत नाही. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड, आकड्याची सुई आणि एकामागून एक साखळी टाका. क्लास चालवणाऱ्या ताई, शिकून घरबसल्या ऑर्डरी घेणाऱ्या मुली, कर्ज काढून मशीन टाकलेला कारखानदार, सगळ्यांचा संसार त्या रिळांवर आहे. त्यातली काही रिळं बोटीने येतात. बंदरात दोऱ्याला गाठ बसली की कळ इथे लागते.

आमच्या शेजारच्या ताई असा क्लास चालवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी नवं खोकं उघडून दाखवलं. “सिल्क थ्रेड आहे,” म्हणाल्या. बाजारात याचं नावच ते. दुकानदार हेच म्हणतो, बिलावरही हेच.

मी वीतभर धागा तोडला आणि काडी लावली.

रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि मागे काळा, ठिसूळ गोळा उरतो. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी होऊन बसतं. हा धागा भुर्रकन जळून गेला. मागे चिमूटभर करडी राख, आणि वास जळक्या कागदाचा.

व्हिस्कोस. लाकडाच्या लगद्यातून काढलेला तंतू. रेशमाच्या किड्याचा आणि त्याचा दूरचाही संबंध नाही.

आता हेच खोकं “सिल्क” म्हणून बंदरात उतरलं तर? रेशीम प्रकरण ५० मध्ये बसतं, व्हिस्कोसचा अखंड तंतू प्रकरण ५४ मध्ये. दुकानात ज्या नावाने पोटं भरतात, ते नाव आयातीच्या कागदावर चढलं की चुकीची घोषणा होते. ताईंना हे कुणी सांगितलंय? दुकानदाराला तरी?

बरं, व्हिस्कोस हे कळलं. मिटलं का? छे, आत्ता कुठे सुरुवात झाली.

शिवणदोरा कशाला म्हणायचं याची व्याख्या कस्टम्सच्या त्या दप्तराच्या, म्हणजे टॅरिफच्या, विभाग ११ मधल्या टीप ५ मध्ये आहे. दोन किंवा जास्त पदर एकत्र वळलेलं सूत हवं. रिळासकट वजन १,००० ग्रॅमच्या आत हवं. शिवणदोरा म्हणून वापरता यावं यासाठी त्याच्यावर फिनिश दिलेलं हवं. आणि शेवटचा पीळ “झेड” हवा. सगळ्या अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. एक सुटली की पत्ता बदलला.

झेड पीळ म्हणजे काय? धागा उभा धरा. त्यावरच्या तिरक्या रेघा इंग्रजी झेडच्या मधल्या दांडीसारख्या, डावीकडून उजवीकडे चढत गेल्या तर झेड. उलट गेल्या तर एस.

यामागे शास्त्र आहे, ते नाकारू नये. शिलाई मशीनच्या टाक्यात उलट्या पिळाचा दोरा उलगडत जातो आणि तुटतो. ज्याने ही व्याख्या लिहिली त्याने दोरा हातात घेऊन पाहिला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. बंदरात पीळ कळल्याशिवाय मालच जात नाही.

पण आयात करणाऱ्याला विचारून बघा. शेड नंबर तोंडपाठ. डेनियर तोंडपाठ. पीळ? तो गिरणीला माहीत.

आता वजन. मशीनच्या भरतकामाचा नेहमीचा धागा १२० डेनियरचा, दोनपदरी. डेनियर म्हणजे ९,००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये. दोन पदरांचे झाले २४०. हजार मीटरच्या रिळात साधारण २७ ग्रॅम धागा बसतो. पाच हजार मीटरच्या कोनात साधारण १३३ ग्रॅम.

हा हिशेब एवढ्यासाठी, की मानवनिर्मित अखंड तंतूचं सूत रिळासकट ८५ ग्रॅमच्या आत असलं तर ते “किरकोळ विक्रीसाठी बांधलेलं” धरतात. म्हणजे एकाच गिरणीतला, एकाच रंगाचा, एकाच दिवशी वळलेला धागा. शिवणदोऱ्याच्या व्याख्येत तो बसला नाही, तर छोटं रीळ जातं ५४०६ मध्ये आणि मोठा कोन ५४०३ मध्ये. पॉलिस्टर असेल तर कोन ५४०२ मध्ये.

धागा तोच. रीळ बदललं, कोड बदलला.

थांबा, त्यालाही अपवाद आहे. छोटं रीळ असलं तरी ते कापड उद्योगात वापरायच्या बांधणीचं दिसत असेल, तर ते किरकोळ धरायचं नाही. टीप ४ मध्ये उदाहरणं दिली आहेत: शंकूच्या आकाराचे बॉबिन वगैरे. आणि त्यातच, भरतकामाच्या मागांसाठी कोशासारखं गुंडाळलेलं सूत. अख्ख्या टिपेत भरतकामाचं नाव येतं ते असं, दोऱ्याच्या गुंडाळीचा आकार सांगण्यापुरतं.

हाताने भरायच्या सुती लडीचं आणखी निराळं. ती रिळावर नसते, त्यामुळे शिवणदोरा होत नाही. वजनाला अगदी हलकी, सुती धाग्याच्या किरकोळ मर्यादेच्या, म्हणजे १२५ ग्रॅमच्या, खूप आत. ती जाते ५२०७ मध्ये. आजीच्या भरतकामाच्या डब्यात लडी, रीळ आणि जरीची गुंडी शेजारी शेजारी सुखाने नांदायची. टॅरिफमध्ये त्यांची तीन वेगळी घरं.

आता खरी मेख: फिनिश.

“शिवणदोरा म्हणून वापरण्यासाठी फिनिश दिलेलं.” वाचायला सोपं आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण टिपा त्याचा अर्थ सांगतात: दोऱ्याचं घर्षण कमी व्हावं, त्याने उष्णता सोसावी, त्यात स्थिर वीज साठू नये किंवा तो दिसायला चांगला व्हावा म्हणून केलेली प्रक्रिया. त्यासाठी सिलिकॉन, स्टार्च, मेण, पॅराफिन असं काहीबाही लावतात. या टिपा आधार म्हणून धरायच्या, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. तो वाद होता ब्लॉकबोर्डचा, पण लागू सगळ्यांनाच.

आता भरतकामाचं मशीन बघा. मिनिटाला आठशे-हजार टाके. त्या वेगाला कोरडा धागा टिकेल का? म्हणून गिरणी त्याला तेल, मेण, सिलिकॉन लावते. पण सुताला तेल तर कातताना, गुंडाळतानाही लागतं. ते शिवणासाठी नसतं, गिरणीतल्या यंत्रांवरून सूत सुरळीत सरकावं म्हणून असतं.

प्रयोगशाळा सांगेल, धाग्यावर सिलिकॉन आहे. किती आहे तेही सांगेल. पण कशासाठी लावलं, हे कुठल्या बाटलीत कळणार?

सगळं घोडं इथे अडतं. एक अधिकारी म्हणतो, हे फिनिशच आहे, शिवणदोरा धरा, ५४०१. दुसरा म्हणतो, हे गिरणीचं तेल, सूत धरा. दोघंही टिपेवर बोट ठेवून बोलतात आणि दोघांपैकी कुणी लबाडी करत नाही. शब्दच दोन्हीकडे झुकतो.

आणखी एक गंमत नसलेली गोष्ट. फक्त भरतकाम करणारं यंत्र टॅरिफच्या लेखी शिलाई मशीन नव्हे. शिलाई मशीन ८४५२ मध्ये, भरतकामाचं ८४४७ मध्ये. पण त्याच यंत्रात ओवलेला धागा अटी पुऱ्या करत असेल तर शिवणदोरा. यंत्र शिवत नाही आणि त्यातला दोरा मात्र शिवणाचा, हे कुठल्या कारागिराला पटवून द्यायचं?

एवढ्याने मन विटलं असेल तर जरीकडे या. इथे नुसता वीट येत नाही, राग येतो.

धातूचा मुलामा दिलेलं सूत म्हणजे ५६०५. धातू कितीही थोडा असो, पत्ता हाच. भारताच्या आठ आकडी टॅरिफमध्ये त्याची पुढची फोड आहे: खरी जर वेगळी, नकली जर वेगळी. खरी म्हणजे सोन्याचांदीची. नकली म्हणजे आपण सगळे जी नेसतो ती, बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या फिल्मवर धातू चढवून, कापून, वळून केलेली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने खऱ्या जरीवरचा दर १२ वरून ५ टक्के केला. चांगलं केलं, सुरतेच्या जरीवाल्यांना हायसं वाटलं.

नकली जर १२ वरच राहिली.

किती दिवस? जुलै २०२३ पर्यंत. परिषदेच्या ५० व्या बैठकीत ती ५ टक्क्यांवर आली. म्हणजे पावणेसहा वर्षं सोन्याच्या धाग्याला ५ आणि प्लॅस्टिकच्या धाग्याला १२. आयातीवर आयजीएसटी याच दराने बसतो, तेव्हा बंदरातही तेच. ज्या बाईला सोन्याची जर परवडत नाही, तिच्या काठाला जास्त टक्के. या फरकाचं समर्थन कुणाच्या तोंडून निघेल?

बरं, दर उतरला म्हणून वाद संपला का? तीन महिन्यांत नवा प्रश्न उभा राहिला. पॉलिस्टर किंवा प्लॅस्टिकच्या फिल्मपासून केलेली जर, तिला “नकली जर” म्हणायचं का? ७ ऑक्टोबर २०२३ च्या ५२ व्या बैठकीत परिषदेला सांगावं लागलं: होय, म्हणायचं. देशाचे आणि राज्यांचे अर्थमंत्री एकत्र बसून ठरवतात की जर ही जर आहे. ज्या साड्यांच्या दुकानात हा प्रश्न कधी कुणाच्या डोक्यातही आला नसता, तिथल्या मालाचा दर त्या होकारावर अडला होता.

आणखी एक काटा निघाला तो २२ सप्टेंबर २०२५ ला. तोवर सुती दोऱ्यावर ५ टक्के आणि पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या दोऱ्यावर १२ टक्के जीएसटी होता. आता दोन्ही ५ वर आले. हे बरंच झालं, आणि बरं झालं ते बरं म्हणायला हवं.

पण म्हणून कोडचं महत्त्व गेलं नाही. मूळ सीमाशुल्क कोडनुसारच लागतं. मुक्त व्यापार कराराची सवलत मिळणार की नाही, हेही कोड बघूनच ठरतं. आणि कोड ठरत नाही तोवर कंटेनर हलत नाही.

न्हावा शेव्याला काय होतं बघा. २०११ पासून आयातदाराने स्वतःच कर ठरवायचा आणि स्वतःच कोड लिहायचा. चुकला तर जबाबदारी त्याची. २०२० पासून कागदांची तपासणी चेहराविरहित. माल न्हावा शेव्याला, कागद उघडतो भलत्याच बंदरातल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर. ओळखी-पाळखीची साखळी तोडायला हे चांगलंच होतं, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण धागा उजेडाला धरून पीळ बघायचा असतो. पडद्यावर दिसतं ते बिल. बिलावर काय लिहिलंय? “एम्ब्रॉयडरी थ्रेड.” ज्या नावाचं शीर्षच नाही, ते नाव.

मग प्रश्न येतो. उत्तर जातं. नमुना प्रयोगशाळेत जातो. दिवस जातात. गोदामाचं भाडं चढतं, कंटेनर परत द्यायची मुदत उलटते, बोट कंपनीचा दंड सुरू होतो. मोठा आयातदार वकील लावतो. छोटा काय करतो? कस्टम्सचा दलाल सांगेल त्या कोडवर, जास्तीचा कर भरून माल सोडवतो. त्याला न्याय नको असतो, त्याला दिवाळीच्या आधी माल दुकानात हवा असतो.

तो जास्तीचा कर शेवटी कुणाच्या रिळावर चढतो, हे वेगळं सांगायला हवं?

आणि माल सुटला म्हणजे सुटका झाली असंही नाही. दोन वर्षांच्या आत फरकाची नोटीस येऊ शकते. माहिती दडवली असा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. वर वर्षाला १५ टक्के व्याज, आणि दडवल्याचं सिद्ध झालं तर कराइतकाच दंड. तोवर तो धागा ब्लाउजवर चढून, लग्नात मिरवून, कपाटात घडी होऊन पडलेला असतो. पीळ तपासायला नमुना आणणार कुठून?

इथे आयातदारांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. सगळे बिचारे नसतात. कर कमी पडेल असा कोड आधी ठरवायचा आणि मग धाग्याचं वर्णन त्या कोडाच्या मापाने शिवायचं, हे बाजारात चालतं. वर्णन मुद्दाम मोघम ठेवायचं, म्हणजे पकडलं तर “आम्हाला काय ठाऊक” म्हणायची सोय. अशा चौघांमुळे चाळीस जणांचे कंटेनर उघडले जातात. गिरणीकडून एका कागदावर डेनियर, पदर, शेवटचा पीळ, फिनिश आणि रिळासकट वजन लिहून मागायला किती खर्च येतो? मागत का नाहीत?

कायद्यात आधी विचारून घ्यायची सोय आहे. मुंबईत २०२१ पासून सीमाशुल्काचं आगाऊ निर्णय प्राधिकरण बसतं. १०,००० रुपये फी, तीन महिन्यांत निर्णय, आणि तो काही वर्षं चालतो. सोय चांगली आहे. पण निर्णय बांधून ठेवतो तो ज्याने विचारलं त्याला आणि त्याच्या प्रकरणात कस्टम्सला. शेजारच्या दुकानदाराने तोच धागा आणला तर त्याने पुन्हा विचारायचं, पुन्हा फी भरायची. महिन्याला चार खोकी आणणाऱ्याला हे झेपणार आहे?

त्याच सीमाशुल्क कायद्यात कलम १५१अ आहे. वर्गीकरण देशभर एकसारखं व्हावं म्हणून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला आदेश काढता येतात, ते या कलमाखाली. अधिकार हातात आहे. मग भरतकामाच्या धाग्यापुरतं चार पानांचं परिपत्रक काढा. त्यात चित्रं छापा: हे झेड, हे एस, हे किरकोळ रीळ, हा उद्योगाचा कोन. फिनिशचा प्रश्न एकदा मिटवा. कुठला पदार्थ, किती प्रमाणात असला की शिवणदोरा धरायचा, हे आकड्यात लिहा, म्हणजे प्रयोगशाळेला मोजता येईल असं काहीतरी हातात पडेल. आणि ते मराठी, हिंदी, गुजरातीत काढा. ब्रुसेल्सच्या टिपा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये असतात. भुलेश्वरच्या गल्लीत यातलं फ्रेंच कोण वाचणार?

धागा बघायला कस्टम्सचीच प्रयोगशाळा लागते असंही नाही. मुंबईत प्रभादेवीला वस्त्रोद्योग समिती आहे, १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेली. कापड आणि सूत तपासणं हे तिचं कामच. तिथले तंत्रज्ञ आणि कस्टम्सचे अधिकारी एका टेबलावर बसले, मधे दहा-बारा नमुने ठेवले, तर हे चार पानांचं काम किती दिवसांचं? मला तरी महिन्याच्या वरचं वाटत नाही.

ताईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी खोक्यातलं एक रीळ काढलं, दारापाशी गेल्या आणि दोरा उन्हात उभा धरला. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या. मग टोक चिमटीत धरून उलटं फिरवलं. दोन पदर सुटे झाले.

“उजवीकडे चढतोय,” म्हणाल्या.

खोक्यावर शेड नंबर होता, मोराचं चित्र होतं, किंमत होती आणि सोनेरी अक्षरांत “सिल्क” होतं. धागा कशाचा, किती पदरी, पीळ कुठला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ताईंनी बॉलपेन घेतलं, “सिल्क” वर आडवी रेघ मारली आणि झाकणावर लिहिलं: व्हिस्कोस, दोनपदरी, झेड.

मग दुसरं खोकं ओढलं.